जेद्दाहचे शेवटचे सेकंद आणि नाशिकचं ओलं कोर्ट

प्रति,
मा. अध्यक्ष, सरचिटणीस आणि सर्व पदाधिकारी,
भारतीय बास्केटबॉल महासंघ

सप्रेम नमस्कार.

दिवसा सातपूरच्या एमआयडीसीत नोकरी आणि संध्याकाळी साडेपाचपासून एका शाळेच्या कोर्टवर बास्केटबॉल, असं माझं गेली सतरा वर्षं चाललंय. कोर्ट शाळेचं, बॉल वर्गणीतले, रिंगच्या जाळ्या पालक आणून देतात आणि त्या दर पावसाळ्यात कुजतात. मी एकेकाळी जिल्ह्याच्या संघातून खेळलो. राज्याच्या निवड चाचणीला गेलो तो दुसऱ्याच दिवशी बॅग भरून परत आलो. माझी पात्रता एवढीच. ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'हा कोण टिकोजीराव' हे वाचता वाचता शोधावं लागणार नाही.

पत्राला निमित्त ऑगस्ट 2025 मधल्या जेद्दाहच्या आशिया चषकाचं. आपल्या गटात चीन, जॉर्डन आणि यजमान सौदी अरेबिया. पहिलाच सामना जॉर्डनशी. हा संघ 2019 आणि 2023, असे लागोपाठ दोन विश्वचषक खेळलेला. त्यांच्याविरुद्ध आपली पोरं शेवटचे काही सेकंद उरले असताना तीन गुणांनी पुढे होती. मग जॉर्डनच्या खेळाडूने तीन गुणांचा बास्केट मारला, सामना जादा वेळेत गेला आणि आपण 84-91 असे हरलो. नंतर चीनने 100-69 असं धुतलं, सौदीनेही हरवलं आणि आपला संघ घरी आला.

जॉर्डनच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी कोर्टवर नववीतल्या एकाने विचारलं, "सर, काल आपण हरलो की जिंकता जिंकता राहिलो?" मी म्हणालो, "हरलो." तो म्हणाला, "पण त्यांनी तो शेवटचा मारला नसता तर?" मी त्याला दोन्ही टोकांना पाच चकरा मारायला लावल्या. चिडून नव्हे. उत्तर माझ्याकडेही नव्हतं, तेवढा वेळ मिळाला.

उत्तर नंतर सुचलं, ते आपल्यासमोर मांडतो.

तीन गुणांनी पुढे, हातात सेकंद मोजकेच, बॉल समोरच्याकडे. अशा वेळी काय करायचं? एक मत असं की सरळ फाउल करा. त्याला दोन फ्री थ्रो मिळतील, दोन्ही गेले तरी तुम्ही एकाने पुढे राहता. दुसरं मत असं की फाउलच्या नादाला लागू नका. आतले दोन गुण सोडून द्या, पण तीन गुणांच्या रेषेबाहेर कुणालाही मोकळा श्वास घेऊ देऊ नका. दोन्ही बरोबर आहेत. पुस्तकात दोन्ही लिहिलेली असतात आणि टाइमआउटमध्ये बोर्डवर दोन्ही काढून दाखवता येतात. प्रत्यक्षात त्या क्षणी पाय कुठे पडतो हे मात्र तोच क्षण आधी कितीदा भोगलाय यावर ठरतं. अशा दहा सामन्यांत पोळलेल्या खेळाडूचा हात आपोआप वर जातो. दोनदाच अनुभव घेतलेला अर्धा सेकंद विचार करतो, आणि तेवढा अर्धा सेकंद समोरच्याला पुरतो.

हे जेद्दाहमधल्या बारा जणांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्या मुलांनी जीव तोडून खेळ केला. आधी मार्चमध्ये मनामाला जाऊन इराक आणि बहरीनला हरवून त्यांनी ही जागा मिळवली होती, तेव्हा आमच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरले. माझं म्हणणं इतकंच की शेवटच्या मिनिटाचा सराव या मुलांना आयुष्यात फार कमी मिळालाय, आणि ही टंचाई जेद्दाहमध्ये नाही, इथे नाशिकमध्ये सुरू होते.

कशी, ते सांगतो.

शालेय स्पर्धा आमच्याकडे भर पावसाळ्यात लागतात. गोदावरीला पूर, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी, आणि आम्ही बारा-तेरा वर्षांच्या मुलांना घेऊन एका उघड्या सिमेंटच्या कोर्टवर सकाळी आठला हजर. मध्यंतरी एका वर्षी रात्रभर पाऊस होता. कोर्टच्या एका कोपऱ्यात घोटाभर पाणी. दोन्ही संघांच्या मुलांनी खराट्यांनी पाणी लोटलं, कॅन्टीनमधून गोणपाट आणून सिमेंट पुसलं, सव्वादहाला सामना सुरू झाला. उशीर झाला म्हणून दहा मिनिटांचा क्वार्टर पाच मिनिटांवर आणला. घड्याळ थांबवायचं नाही, असंही ठरलं. मुलं घसरू नयेत म्हणून पळतच नव्हती. बॉल ओला होऊन दगडासारखा जड. आमचा संघ चार गुणांनी हरला.

बाद पद्धत. म्हणजे त्या बारा मुलांचं वर्ष तिथेच संपलं. जूनपासून रोज दोन तास घाम गाळला आणि वर्षाची कमाई वीस मिनिटांचा एक सामना. जिंकणाऱ्या संघालाही चार-पाचच मिळतात. मग विभाग, मग राज्य, तिथेही पुढे बादच. नशीबवान मुलगा शाळेची सगळी वर्षं खेळून फार तर तीस-चाळीस अधिकृत सामने गाठीला बांधतो. बाकीची मुलं दहावीच्या सवलतीच्या गुणांचं प्रमाणपत्र मिळालं की गायब. त्यांच्या आयांना मी काय सांगू? "ताई, अजून एक वर्ष येऊ द्या, पुढच्या पावसाळ्यात अजून वीस मिनिटं मिळतील," असं?

यावर आमच्यातलेच काही म्हणतात, उंचीच नाही हो आपल्याकडे, सामने वाढवून काय होणार. ही उंचीची रडगाणी मी खेळाडू असल्यापासून ऐकतोय. अमृतपाल सिंग गावात कबड्डी खेळायचा, बास्केटबॉलला हात लावला तेव्हा मिसरूड फुटून गेलं होतं. तरी तो पुढे ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्सकडून व्यावसायिक लीग खेळला. सतनाम सिंग भामरा 2015 मध्ये अमेरिकेच्या एनबीए लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, निवडला गेलेला पहिला भारतीय. तो बर्नाला जिल्ह्यातल्या बल्लो के गावचा. हे दोघे आणि भारताकडून खेळलेला पालप्रीत बरार, तिघेही लुधियानाच्या एकाच अकादमीत घडले. एका शहरात चार माणसं मन लावून बसली तर एवढं होतं. उंच माणसं आहेत, हो. उंच माणसाला पंधराव्या वर्षापासून दर आठवड्याला खरा सामना देणारी व्यवस्था नाही.

आता एक बारीक गोष्ट. वाचून हसाल, पण आधी ऐका.

आमच्या कोर्टवरचा डी, म्हणजे रिंगसमोरचा आखलेला पट्टा, कित्येक वर्षं जुनाच होता, खाली पसरट, पेटीकोटच्या घेरासारखा. आंतरराष्ट्रीय नियमांत 2010 पासून डी आयताकृती झाला, 4.9 मीटर रुंदीचा. तीनची रेष 6.25 वरून 6.75 मीटरवर गेली. आमच्याकडे पेंट मारणाऱ्याने दर दोन-तीन वर्षांनी इमानदारीत जुन्याच रेषांवर नवा पिवळा रंग ओढला. मीही कित्येक वर्षं तसाच शिकवत राहिलो, हे कबूल करतो. एका रविवारी दोरी, टेप आणि खडू घेऊन आम्ही नवी रेष आखली. आमची एक मुलगी, जुन्या रेषेवरून डोळे मिटून मारणारी, नव्या रेषेमागे उभी राहिली आणि बॉल रिंगच्या हातभर अलीकडे पडला. दुसरा तसाच. तिसरा बोर्डाच्या खालच्या कडेला. "सर, रिंग मागे सरकलीय," म्हणाली. अर्धा मीटर. तो अर्धा मीटर मुलं शाळेत चुकीचा शिकतात आणि राज्याच्या कोर्टवर पहिल्यांदा पाहतात, त्याच दिवशी निवड चाचणी असते.

नाशिकमध्ये फिरलात तर जुन्या डीची कोर्ट अजून सापडतील. इतर शहरांतही असतीलच. हे दुरुस्त करायला परदेशी प्रशिक्षक लागत नाही, एक परिपत्रक आणि रंगाचे दोन डबे लागतात.

परदेशी प्रशिक्षकांचा विषय निघालाच आहे तर थोडं बोलतो. केनी नॅट आले नि गेले. मग स्कॉट फ्लेमिंग. त्यांच्या हाताखाली 2014 मध्ये वुहानला आपण चीनला त्यांच्याच घरात 65-58 असं हरवलं. तो दिवस मला लख्ख आठवतो. कंपनीत सेकंड शिफ्ट होती, जेवणाच्या सुट्टीत बातमी वाचली आणि डबा तसाच राहिला. 2016 ला तेहरानमध्ये पुन्हा हरवलं, 70-64. तेव्हा चीनने मोठे मोहरे आणले नव्हते हे मान्य. पण जिंकलेला सामना जिंकलेलाच असतो. फ्लेमिंग गेले, पुढे 2019 मध्ये सर्बियाचे व्हेसेलिन मॅटिच आले, आणि जेद्दाहला पुन्हा फ्लेमिंग. वर्तुळ पूर्ण झालं. आशिया चषकाच्या मुख्य स्पर्धेत आपल्या पुरुष संघाने 2017, 2022 आणि 2025 मिळून नऊ सामने खेळले. नऊच्या नऊ हरले. एवढा वेळ प्रशिक्षक बदलतोय आणि निकाल तोच, तर गाठ प्रशिक्षकाच्या पलीकडे आहे हे सांगायला ज्योतिषी नको.

आपल्या बाजूचंही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. वुहानच्या त्याच स्पर्धेत आपल्या शीख खेळाडूंना पगडी उतरवून खेळावं लागलं होतं. पुढे 2017 मध्ये जागतिक महासंघाने नियम बदलला आणि पगडी, हिजाब सगळ्याला परवानगी मिळाली. त्यामागे आपल्याकडून झालेल्या पाठपुराव्याचं श्रेय आपल्याला द्यायला हवं. चेन्नईत कझाकस्तानला हरवलं तेव्हा आपल्याच घरच्या प्रेक्षकांत काय ताकद असते तेही दिसलं. म्हणजे मनावर घेतलं की जमतं.

मग लीगचं का नाही जमत? 2010 मध्ये महासंघाचा आयएमजी-रिलायन्सशी तीस वर्षांचा करार झाल्याची बातमी मी कापून ठेवली होती. नाशिकलाही एखादा संघ येईल, आमच्या मुलांना बॉल उचलून द्यायला तरी उभं राहता येईल, असे मनातले मांडे खाल्ले. मग 2015 मध्ये महासंघातच दोन तट पडले, पुण्यात एक निवडणूक, बंगळूरात दुसरी. कुठली संघटना खरी, कुणाचं प्रमाणपत्र चालेल, असे प्रश्न घेऊन पालक माझ्याकडे येत. लीग आल्या, लीग गेल्या. आता पुन्हा नवी लीग उभी राहतेय म्हणतात, राहो. पण मैदानातल्या माणसाला लीग म्हणजे दिवे, डीजे आणि तीन आठवड्यांचा तमाशा नको आहे. ऑक्टोबर ते मार्च, दर शनिवारी एक सामना, तोही न चुकता, एवढंच हवंय.

भांडणातून बाहेर कसं यायचं ते जपानकडे बघा. त्यांच्याकडे दोन लीगच्या मारामारीमुळे जागतिक महासंघाने 2014 मध्ये थेट बंदी घातली. त्यांनी दोन्ही लीग मोडून एक केली, 2016 ला बी-लीग सुरू झाली. 2019 च्या विश्वचषकात पाचपैकी पाच सामने हरले. पाच! कुणी म्हणालं नाही की आमची उंचीच नाही. 2023 मध्ये ओकिनावाला त्यांनी फिनलंडला हरवलं, आशियातला सर्वोत्तम संघ म्हणून पॅरिस ऑलिम्पिकला गेले आणि तिथे फ्रान्सला जादा वेळेपर्यंत खेचलं. सगळे देश काही जपान नाहीत, हेही खरं. मग लेबनॉन घ्या. आपल्या नाशिक जिल्ह्याएवढीच लोकसंख्या असेल त्या देशाची, वर अर्थव्यवस्था कोसळलेली. 2022 च्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाला त्यांनी दोन गुणांपर्यंत आणलं होतं. कारण त्यांच्याकडे गल्लीतल्या क्लबपासून लीग चालते, लोक तावातावाने बघतात आणि पोरगा पंधराव्या वर्षी शेवटच्या मिनिटाला फ्री थ्रो मारायला उभा राहतो तेव्हा मागून शिव्या ऐकू येतात. हे शिक्षण फुकटात मिळतं.

पासपोर्टचा मुद्दा मला लांबवायचा नाही. इतर संघ एक नागरिकत्व दिलेला परदेशी खेळाडू उतरवतात, आपला कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे कॅनडा-अमेरिकेतली आपल्या रक्ताची उंच पोरं खेळू शकत नाहीत. खरं आहे. त्यासाठी संसद लागते. तोवर जे आपल्या हातात आहे ते करूया.

मुलींच्या संघाबद्दल मात्र थांबून बोलायलाच हवं, कारण माझ्या कोर्टवर निम्म्याहून जास्त मुली आहेत आणि त्या मुलांपेक्षा नियमित येतात. 2017 मध्ये बंगळूरला आपल्या महिला संघाने कझाकस्तानला 75-73 असं हरवून आशिया चषकाच्या वरच्या गटात जागा मिळवली. दोन गुणांनी! जे जेद्दाहला पुरुषांना जमलं नाही, ते शेवटचं मिनिट त्या पोरींनी तेव्हा सांभाळून दाखवलं होतं. पुण्याची शिरीन लिमये वर्षानुवर्षे देशासाठी खेळली. आमच्या मुलींना तिचं नाव माहीत आहे, तिची जर्सी कुठे विकत मिळते हे मात्र आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. वरच्या गटात गेल्यावर काय झालं? 2019 ला सगळे सामने हरलो, 2021 च्या स्पर्धेनंतर पुन्हा खाली. वर चढलेल्या संघाला वर टिकवायचं असेल तर मधल्या दोन वर्षांत जपान, कोरिया, ऑस्ट्रेलियाच्या दुय्यम संघांशी का होईना, वीस-पंचवीस सामने लावून द्यायला हवे होते. एकाच महिन्याच्या शिबिरावर ही मजल मारता येत नाही.

म्हणून, साहेब, माझी विनंती हीच की महासंघाने दरवर्षी एक आकडा जाहीर करावा. पदकांचा नको. सामन्यांचा. राष्ट्रीय संघ या वर्षी किती सामने खेळला, 18 वर्षांखालचा किती, मुलींचा किती. त्यातले किती पाच गुणांच्या आत संपले. आणि राज्य संघटनांना सांगावं की जिल्ह्यातल्या प्रत्येक नोंदणीकृत संघाला वर्षाला किमान दहा सामने मिळालेच पाहिजेत, साखळी पद्धतीने. नाही दिले तर निधी रोखा. शालेय स्पर्धा आपल्या अखत्यारीत येत नाहीत हे मला ठाऊक आहे, तो क्रीडा खात्याचा प्रांत. पण त्यांना पत्र लिहायला कुणी हात धरलाय? पावसाळ्यातली उघड्या कोर्टवरची बास्केटबॉल स्पर्धा डिसेंबरात ढकलणं हे काही अंतराळयान सोडण्याइतकं अवघड नसावं. नाशिकच्या डिसेंबरात सकाळी बोटं आखडतात, पण पाय घसरत नाहीत.

आपण 2036 च्या ऑलिम्पिकचं यजमानपद मागतोय असं रोज वाचतो. यजमान म्हणून बास्केटबॉलला जागा मिळालीच, तर ती 1980 सारखी होऊ नये एवढी भीती वाटते. मॉस्कोला आपला संघ गेला तो इतर देशांनी बहिष्कार टाकला म्हणून. आजवरचं आपलं ते एकमेव ऑलिम्पिक. एकही सामना जिंकला नाही, बारा संघांत बारावे आलो. त्यातले अजमेर सिंग पुढे अर्जुन पुरस्कार मिळवून गेले, कारण एकेकटे खेळाडू आपल्याकडे तेव्हाही होते. त्याआधी नागपाड्याच्या गल्लीतून आलेले अब्बास मुन्तसीर देशाचे कर्णधार झाले. 1975 ला आपण आशियात चौथे होतो. चौथे! हे मी मुलांना सांगतो तेव्हा त्यांना मी थाप मारतोय असं वाटतं.

2036 ला वीस-पंचवीस वर्षांचा असणारा खेळाडू आज नऊ ते चौदा वर्षांचा आहे. तो आज कुठल्या तरी शाळेच्या कोर्टवर, बहुधा चुकीच्या रेषेवरून, बॉल मारतोय. माझ्याकडे असे तेवीस आहेत.

वाट बघून कंटाळलो म्हणून यंदा आम्हीच एक साखळी लावली आहे. आठ शाळा, प्रत्येकीला सात सामने, एकूण अठ्ठावीस. पूर्ण दहा मिनिटांचे क्वार्टर, शिट्टीला घड्याळ थांबणार. कोर्ट दोन, दोन्हींवर नव्या रेषा आखून झाल्यात. एकीवरची थोडी वाकडी आली आहे, ती आमच्या चौथीतल्या एका कलाकाराची कृपा. टेबलावर बसायला पालक तयार झाले, एका आजोबांनी शॉट क्लॉकसाठी, म्हणजे बॉल हाती आल्यावर मिळणारे चोवीस सेकंद मोजायला, घरचं स्टॉपवॉच दिलंय, चोवीस झाले की ते हाताने टाळी वाजवणार आहेत. स्कोअरशीट झेरॉक्स झाल्या. अडलंय ते पंचांवर. आमच्याकडे परवानाधारक पंच दोनच आहेत, आणि दोन्ही कोर्टवर सामने एकाच वेळी आहेत.

अजून दोन पंच पाठवता आले तर बघा. डिसेंबरातले चार रविवार, सकाळी सात ते एक. मानधन आम्ही देऊ, फार देता येणार नाही. मुक्काम माझ्या घरी, सकाळी मिसळ.

कळावे,
आपला,
नाशिकमधला एक प्रशिक्षक